वर्ष सरायच्या आत

२ नोव्हेंबर, रविवार

अक्कांचं परत तेच! कॉफीचा पेला हातात दिला न दिला तोच — "वनजा, वर्ष व्हायचंय अजून. बेट्ट-डोंगर चढायचा नाही. देवाचा असो नाहीतर बिनदेवाचा."

मी फक्त एवढंच म्हटलं होतं की रामनगरच्या पुढं कातळावर लोखंडी तार बांधून चढायची वाट केलीय म्हणे. झालं! अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, रत्नाबाई. खालच्या मजल्यावर राहतात, पण जीव सगळा वरच्या मजल्यावर. घरातलं माणूस गेलं की वर्षभर डोंगर चढायचा नाही — त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं, आईला तिच्या सासूनं. इतक्या पिढ्या बेंगळूरात काढल्या, कानडी शेजाऱ्यांकडनं काय काय उचललं, त्यातच हेही. मला लग्नाआधी ठाऊकसुद्धा नव्हतं.

हे मे महिन्यात गेले. पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या शेडमध्ये, लेथसमोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या. मशीन चालूच होतं म्हणे.

तेव्हापासून रविवार मेला आहे. आधी रविवारी पहाटे बापलेक निघायचे — सावनदुर्ग, शिवगंगे, नाहीतर रामनगरचे कातळ. यश लग्न करून इलेक्ट्रॉनिक सिटीला राहायला गेला तरी रविवार चुकला नाही. मी चित्रान्न बांधून द्यायची, आणि ते गेले की परत झोपायची. मला कधी जावंसं वाटलं नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना मी खाली बघत नाही, ती मी कसली डोंगर चढते!

४ नोव्हेंबर, मंगळवार

केलं बुकिंग. दोघांचं. यश आणि मी.

फोनवरच्या मुलीनं वय विचारलं, गुडघे विचारले, बीपी विचारलं. सगळं बरंय म्हटलं. बीपीचं जरा खोटं.

का जातेय ते इथं तरी लिहावं. यश ह्यांचं नावच काढत नाही. सहा महिने होत आले. रोज संध्याकाळी फोन येतो — जेवलीस का, गोळी घेतलीस का, अक्का बऱ्या आहेत का. हजेरी घेतल्यासारखं. मी "बाबा" म्हटलं की "आई, मीटिंग आहे." दिवसकार्याच्या वेळीसुद्धा डोळ्यांत पाणी नाही. माझं माणूस तर गेलंच, पण ज्याच्याशी त्याच्याबद्दल बोलावं तोही असा दाराला कडी लावून बसलाय. बापाशी तो डोंगरावर बोलायचा. घरी कधी दोघांचं धड चार वाक्यं बोलणं नाही, पण डोंगरावरनं आले की दोघांचे चेहरे कसे धुतल्यासारखे! म्हटलं, आपणही जाऊ तिथं. कदाचित बोलेल.

त्याला सांगितलं तर — "आई, तुला उंचीची भीती वाटते." म्हणून तर, म्हटलं. "बघतो," म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

इलेक्ट्रॉनिक सिटीला जाऊन आले. दोन बसा बदलून, वरनं बिसिबेळे भाताचा डबा सांभाळत. रंजिता आतल्या खोलीत झोपलेली. दुपारी बाराला! उठून आली, "आत्ती, स्वल्प पित्त झालंय" — ती मला आत्तीच म्हणते, बेळगावकडं सासूला तसंच म्हणतात. भात नुसता चिवडला. एवढा केलेला! माझ्या तोंडावर दिसलं असेल.

यशची दाढी ही एवढी वाढलीय. डोक्यावर केसांचं टोपलं. "अरे, माणसात ये जरा," म्हटलं. हसला नुसता. रंजितानंच विषय बदलला. लेकाला बापाचं दुःख नाही असंही नाही म्हणजे. पण ते मला का नाही दाखवत? मी काय परकी आहे?

सहलीचं विचारलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "तुझ्याबरोबर येतो मी," म्हणाला. रंजिता येणार नाही. तिला ऑफिसचं काम. बरं.

१० नोव्हेंबर, सोमवार

येतोय! येतो म्हणाला!! मला काल त्याच्यासमोर नीट आनंदसुद्धा दाखवता आला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बूट आणले. अक्कांना सांगितलं, उद्या दिवसभर यशकडं आहे. "रंजिताला कडबू नेतेस का करून?" म्हणाल्या आणि पुरण शिजवायला बसल्यासुद्धा. आता ते कडबू घेऊन मी कातळावर चढू! नको म्हणता येईना. त्या बसून वळत होत्या आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की उठून वर आले.

बूट घालून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या. ह्यांना हसू आलं असतं मला बघून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. बोटं मिटतच नव्हती. आजही पेन कसंबसं धरलंय.

पहिल्यापासून लिहिते.

यश अंधारातच गाडी घेऊन आला. वाटेत बिडदीला तट्टे इडली खाल्ली. तो बरा होता, गाणी लावली, मला चिडवलं, "आई, वर जाऊन तोंडली चिरत बसू नकोस." इतक्या महिन्यांनी चिडवलं मला! मी खिडकीकडं तोंड करून हसले. म्हटलं आज बोलणार हा.

कातळ म्हणजे काय! खालनं बघायला मान मागं टाकावी लागली. नुसता सरळ, करडा, मधनं काळे ओघळ. त्यावर आडवी-उभी एक तार, आणि तारेपाशी लोखंडी कड्या ठोकलेल्या पाय ठेवायला. वर मुंगीएवढी माणसं. आम्हाला नेणारा मुलगा महांतेश, निपाणीकडचा. मराठी ऐकल्यावर खूष झाला. त्यानं कमरेला-मांड्यांना पट्टे आवळले — लंगोटच तो! — आणि पुढं दोन आखूड दोऱ्या, दोन्हींच्या टोकाला हूक. "हे दोन्ही हूक तारेत असणार. तार जिथं कातळाला बोल्टनं धरलीय तिथं आधी एक काढायचा, बोल्टच्या पलीकडं लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधी काढायचे नाहीत. मी सांगितलं तरी नाहीत." हेल्मेट अंबाड्यावर बसेना. अंबाडा सोडून तिथंच उभ्या उभ्या वेणी घातली.

आणि वळून बघते तर यश तसाच उभा. हातात त्याचे पट्टे, पण चढवलेले नाहीत.

"मी खाली थांबतो, आई. तू जा."

मला वाटलं गंमत करतोय. नाही. खांदा दुखतोय म्हणाला. माझ्या नजरेला नजर देईना. खोटं बोलताना लहानपणापासून असाच बुटाकडं बघतो हा. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला — अक्का! अक्कांनीच याला वर्षाचं सांगितलं असणार. आणि हा इंजिनिअर, एवढ्या मोठ्या कंपनीत, ते ऐकून बसलाय! आईला न्यायला येतो म्हणतो आणि पायथ्याशी टाकतो!

मग मी काय बोलले ते लिहायची लाज वाटतेय. पण बोलले. सगळ्यांदेखत. महांतेश होता, कुठल्या तरी कंपनीतली पोरंपोरी होती. म्हटलं, "बापाबरोबर चढायला बरं होतं, आईबरोबर कमीपणा वाटतो का? ते असते तर त्यांना तुझी लाज वाटली असती."

त्याचा चेहरा उतरला. पट्टे परत महांतेशच्या हातात दिले आणि माझा हनुवटीखालचा पट्टा जरा ढिला होता तो ओढून बसवला.

रागानं चढले मी. खरं सांगते, पहिला टप्पा नुसता रागानं. कडी, पाय, हूक काढ, हूक लाव. महांतेश पुढं. कातळ उन्हानं कोमट झालेला, हाताला खरखरीत. खाली बघायचं नाही हे माझं गॅलरीतलं शिक्षण कामाला आलं. मग तार आडवी वळली. तिथं पायाखाली कड्यासुद्धा दूर दूर, आणि कातळाचं पोट बाहेर आलेलं, माणसाला मागं ढकलणारं. एक पाय पलीकडं टाकला आणि थांबले. दुसरा उचलेना. हात कोपरापर्यंत दगड झाले. पायाखाली नारळाची झाडं हिरव्या फुलांएवढी दिसली — बघितलंच शेवटी खाली! — आणि माझ्या तोंडातनं कसला आवाज निघाला कोण जाणे.

रडले मी. मोठ्यानं. हे गेल्यापासून अशी रडले नव्हते. घरी अक्का असतात, त्यांचा धाकटा भाऊ गेला, त्यांच्यापुढं मी कशी रडू? यशपुढं रडले तर तो उठून जातो. इथं कातळाला गाल लावून, नाकातनं पाणी गळतंय, पुसायला हात नाही — "अहो" म्हणून हाक मारली. दोन-तीनदा मारली. महांतेश बिचारा मागं आला. "अक्का, रडा तुम्ही. रडायला काही नाही. पण तार सोडू नका."

तेवढ्यात खालनं आवाज.

"आई! हातांवर लटकू नकोस! पायावर उभी राहा! पायाला काम दे, हाताला सुट्टी!"

ह्यांचं वाक्य. शब्द न् शब्द ह्यांचा. यश लहान असताना घरामागच्या भिंतीवर चढायचा तेव्हा हे असंच ओरडायचे, शेजारच्या नरसिंहरावांची झोप मोडेपर्यंत. आवाजही तोच, जरा घोगरा. सहा महिन्यांनी मला तो आवाज ऐकू आला, तोही पोटातनं ओरडलेला.

"उजवा पाय! उजवा, आई! गुडघ्याच्या खाली कडी आहे. बघू नकोस, चाचपड. हां! आता डावा हूक!"

त्यानं मला त्या पोटाला वळसा घालून नेलं. खालनं, ओरडून ओरडून. वर चढताना प्रत्येक कडीला त्याचा आवाज होता. घसा बसला त्याचा.

वर पोचले. महांतेशनं फोटो काढला. वर वारा होता, नाचणीची शेतं, एक तळं, आणि लांब कुठंतरी खाणीतला पांढरा धुरळा. मी बसले. वाटलं होतं हलकं वाटेल. हलकं-बिलकं काही नाही. ह्यांना सांगायचं होतं की मी चढले, आणि ते नव्हते, एवढंच वाटलं.

मागच्या वाटेनं उतरून आलो. यश बाटली घेऊन उभा. "छान चढलीस," म्हणाला, बसक्या आवाजात. मी त्याला मिठी मारायला हवी होती. मारली नाही. अजून राग होता का लाज होती, कुणास ठाऊक. गाडीत गाणी लावली नाहीत त्यानं. कडबू डब्यात तसेच, ते रंजितासाठी दिले त्याच्याकडं.

बोलला नाहीच तो. एवढं करून.

२६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्यासारखी मूर्ख मीच! महांतेशनं पाठवलेला फोटो मी स्टेटसला ठेवला. हेल्मेट, वेणी, दात काढून हसतेय. अक्कांच्या फोनवर व्हॉट्सॅप नाही म्हणून निर्धास्त. समोरच्या शिवानीनं स्वतःचा फोन नेऊन दाखवला त्यांना कौतुकानं — "अज्जी, तुमच्या भावजयबाई बघा!"

ओरडल्या असत्या तर बरं होतं. दाराशी आल्या, म्हणाल्या, "मी कडबू वळत होते ग." आणि गेल्या. दुपारी जेवायला हाक मारली तर, "सरी, बरं बरं, तू जेव."

भांडायचं तरी कुणाशी? देवघरात समई लावून बसल्यात. कुणासाठी जप करतायत, विचारायचं धैर्य नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यशचा फोन नाही. रविवारपासून एकही नाही. गोळी घेतलीस का, तेवढं तरी विचार रे.

३० नोव्हेंबर, रविवार

तो आला. एकटाच. खाली अक्कांच्या पाया पडला, वर आला, ह्यांच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीत मेपासून कुणी बसलं नव्हतं.

"आई, रंजिताला दिवस गेलेत."

माझ्या हातात लाटणं होतं, ते तसंच राहिलं. तिसरा महिना चालू आहे. तो संपला की सांगणार होते. आणि बायकोला दिवस असताना नवऱ्यानं डोंगर चढायचा नाही, दाढी-केस कापायचे नाहीत — रंजिताच्या आईनं बजावून ठेवलंय. म्हणून तो चढला नाही. म्हणून ती दाढी! मला कसं सुचलं नाही! यशच्या वेळी ह्यांनी शिवगंगे टाळलं होतं, बायका हसल्या होत्या त्यांना. पण माझ्या डोक्यात अक्कांचं वर्ष असं घट्ट बसलेलं, की डोंगर नको म्हटलं की मला एकच कारण दिसतं. आणि मी काय बोलले त्याला तिथं!

"मी मानत नाही ग हे," म्हणाला. "पण गेल्या वर्षी एकदा पोटातलं गेलं होतं. यावेळी आमच्याकडनं काही राहायला नको."

गेल्या वर्षी?

"बाबांना सांगितलं होतं. सावनदुर्ग उतरताना. बाबा कातळावर बसले, स्वल्प थांब म्हणाले. आणि रडले, आई. खूप. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, आईला सांगू नकोस, ती उपास धरून बसेल." आणि हे सांगता सांगता माझं पोरगं रडायला लागलं. ओठ वाकडे करून, अगदी लहानपणी रडायचं तसं. "मी कुणाला सांगू आता? काहीही झालं की मी बाबांना सांगायचो."

मला सांग. मला सांग रे, म्हणत बसले मी. त्याचं डोकं पोटाशी धरलं. ह्यांनी माझ्यापासून लपवलं याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. दोघंही ह्यांच्याबद्दल बोलत बसलो. ह्यांची शिट्टी, ह्यांचे ते भोकं पडलेले मोजे, अवघड जागी पोचल्यावर "आता काय करायचं रे यशोवर्धनराव" म्हणायची तऱ्हा. चपात्या झाल्याच नाहीत, ब्रेड खाल्ला.

त्या दिवशी बोललेल्याची माफी मागितली. "बाबा असते तर हसले असते," म्हणाला.

जाताना बजावून गेला, अक्कांना अजून सांगायचं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

अक्कांनी विचारलं, "गुणगुणतेस काय?" माझ्याशी बोलल्या! काही नाही म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन हसले. ह्यांच्या फोटोला मात्र सांगून टाकलं.

३ डिसेंबर, बुधवार

रंजिताशी फोनवर बोलले. चिवडलेल्या भाताबद्दल मनात धरलं होतं, तेही सांगून टाकलं. ती हसली. "आत्ती, तुमचा फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला." काय खावंसं वाटतंय विचारलं तर अक्कांचे कडबू म्हणाली.

६ डिसेंबर, शनिवार

रंजिताचं गेलं. काल सकाळी.

दवाखान्यात पोचले तर यश बाहेर बाकावर बसलेला. मला बघून उठला. मी जवळ जायच्या आत म्हणाला, "आई, तू चढलीस त्यामुळं नाही हं झालं."

मी काही विचारलंच नव्हतं.